छपराच्या पाठीचं ब्लाऊज

शहापूरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाला लागून एक गल्ली आत जाते. तिच्या तोंडाशीच साईनाथ टेलरचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन भिंतींच्या मधे उरलेली फट. आत एक मशीन, मशीनमागं साईनाथ, साईनाथमागं भिंत. पुढं बिजागरीवरची एक फळी. ती उचलली की माणूस आत जातो आणि पाडली की आतच राहतो. लग्नसराईत त्या फळीवर पिशव्यांचा असा ढीग लागतो की बाहेर पडायचं तर आधी वीस बायकांची ब्लाऊजं खाली उतरवावी लागतात. त्यामुळं फेब्रुवारीपासून मेपर्यंत साईनाथ पाणीसुद्धा बेतानं पितो.

शेजारी नामाचं मोबाइल दुरुस्तीचं खोपटं आहे. नामाचं म्हणणं, "जेलात निदान जामीन तरी मिळतो. टेलरला तोपण नाय."

साईनाथ एकोणचाळीस वर्षांचा आहे. त्यातली वीस ह्या फळीमागं गेली. त्याचा बाप बारकू ह्याच मशीनवर बसायचा. त्यानं जाता जाता पोराला दोन गोष्टी देऊन ठेवल्या. एक म्हणजे, नजर कापडावर ठेवायची, बाईवर नाय. गाव लहान, धंदा बायकांचा, एकदा नाव गेलं की कात्री विकावी लागते. आणि दुसरी, बाईच्या अंगाला टेप लावायचा नाय, मापाचं ब्लाऊज मागायचं. साईनाथनं दोन्ही गोष्टी इतक्या पाळल्या की अर्ध्या तालुक्याच्या बायकांचे खांदे त्याला पाठ आहेत, पण त्यातली एकही रस्त्यात भेटली तर तो ओळखत नाही. बाई आपली हसते आणि हा तिच्या बाहीकडं बघून म्हणतो, "अरे ताई तुमी होय."

दुकानात आलेली बाई नवं कापड फळीवर ठेवते, त्यावर पिशवीतून काढलेलं एक जुनं ब्लाऊज टाकते आणि म्हणते, "याच्यासारखंच." बस, एवढंच. साईनाथची वीस वर्षं त्या एका शब्दात घडी घालून ठेवता येतात.

म्हसा गावच्या गुणाबाईचंच घ्या. तिचं माहेर इथलंच, भातसानगरच्या अलीकडचं, म्हणून तिच्या लग्नाचं ब्लाऊज बारकूनं शिवलं होतं. त्याला चोवीस वर्षं झाली. पुढच्या ब्लाऊजला ते मापाला आलं, त्याच्या पुढच्याला ते पुढचं. मधे दोन बाळंतपणं झाली, "बगलेत बोटभर सोड रे" एवढा निरोप दोनदा आला. पण गळा जिथं बारकूनं खडूनं आखला तिथंच. बारकू गेला, त्याचा खडू काही गेला नाही. दर दिवाळीला गुणाबाईचं नवं ब्लाऊज शिवताना साईनाथला वाटायचं, आपण शिवत नाही, झेरॉक्स काढतोय. आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर पुसट होतं, तसं काहीतरी होतंय. गुणाबाईचंही, आपलंही.

आता ह्या माणसाला फॅशन शोचा नाद कसा लागला? तर लाइट जाण्यामुळं.

मशीनला मोटर बसवताना त्यानं पायाचा पट्टा काढून टाकला होता. त्यामुळं दुपारी लाइट गेली की मशीन मुकं आणि हा फळीमागं अडकलेला. मग तो मोबाइल काढायचा. एकदा कुठून तरी समोर आली ती परदेशातली लांबलचक पांढरी वाट आणि तिच्यावरून एकामागं एक चालत येणाऱ्या, कुणाशी भांडण झाल्यासारख्या तोंडाच्या मुली. नामानं वाकून बघितलं आणि डोळा मारला. साईनाथ मात्र व्हिडिओ थांबवून बोटांनी मोठा करून बघत होता तो एका कोटाचा खांदा. त्या खांद्याला शिवणच नव्हती. बाही गळ्यातूनच उतरून आली होती, डोंगरावरून पाणी उतरावं तशी. त्या दुपारी लाइट आली तरी त्याला कळलं नाही.

तेव्हापासून त्यानं शेकड्यानं शो बघितले. करणाऱ्यांची नावं त्याच्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून त्यानं प्रत्येक कलेक्शनला आपलं नाव ठेवलं. एक होता ओल्या कपड्यांचा शो. त्यात सगळ्या जणी नदीतून आत्ताच बाहेर आल्यासारख्या, कापड अंगाला चिकटलेलं, आणि तरी कोरडं. एक उलट्या कोटांचा. त्यात अस्तर बाहेर, शिवणी बाहेर, धाग्यांची टोकंसुद्धा बाहेर. तो बघून साईनाथ हळवा झाला होता. "आपल्याकडं धागा दिसला की ब्लाऊज परत येतं," तो नामाला म्हणाला. "तिथं त्यानं टेलरची मेहनत वर आणून ठेवली."

"मग तूपण ठेव ना."

"याच्यासारखंच म्हणतात त्या."

पण सगळ्यांत लाडका होता तो शाकारणीचा शो. त्यातल्या जाकिटांच्या पाठीवर कापडाच्या अरुंद पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या, पेंढ्यानं शाकारलेल्या छपरासारख्या. मुलगी नुसती चालली की पाठ गप्प असायची, हात वर केला की सगळं छप्पर हलकं उचललं जायचं आणि पुन्हा बसायचं. हा शो त्यानं किती वेळा बघितला ते त्याच्या मोबाइललाच ठाऊक. पट्टी किती बोटं रुंद असेल, खालच्या पट्टीवर कितवा टाका पडला असेल, हे त्यानं जुन्या वर्तमानपत्रावर कापून कापून बघितलं होतं. नामाला वाटायचं गिऱ्हाईकाचं काम चाललंय.

साईनाथचं मागणं फार नव्हतं. त्याला परदेशात जायचं नव्हतं, मुंबईला दुकान टाकायचं नव्हतं. आयुष्यात एक ब्लाऊज असं शिवायचं होतं की जे कशासारखंच नसेल.

गेल्या जानेवारीत म्हशाची जत्रा आटपली आणि आठच दिवसांत गुणाबाई लेकीला घेऊन आली. लेकीचं, कुणालीचं, लग्न ठरलं होतं. हळदीला भावकीतल्या एकतीस बायकांना एकसारखी पिवळी साडी. तेव्हा एकतीस ब्लाऊजं, आणि बत्तिसावं नवरीचं. एकतीस मापांची ब्लाऊजं दोन गोण्यांत भरून आणली होती, प्रत्येकाला चिंधीनं नाव बांधलेलं. त्या गोण्या आत घेतल्यावर साईनाथचा उरलासुरला उजेडही गेला. आणि तेवढ्यात लाइटही गेली.

"मी बांगड्या बघून येते गो," म्हणून गुणाबाई बाजारात गेली. कुणाली पायरीवर बसली. ती मुरबाडच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, अंगात जीन्स आणि कुर्ता. सवयीनं साईनाथनं मोबाइल काढला.

"काय बघता मामा?" आईच्या माहेरचा टेलर, म्हणून मामा.

"कापडं."

"कापडं कुठं, बायका चालतात त्या."

"चालल्याशिवाय कापड कळत नाय."

ती उठून फळीवर कोपर टेकून बघायला लागली. मग म्हणाली, "तुमाला यातला कुठला आवडतो?"

आता हा प्रश्न तसा साधा. पण वीस वर्षांत साईनाथला तो कुणी विचारला नव्हता. त्यानं शाकारणीचा शो लावला, आणि मग जे बोलायला लागला ते बोलतच राहिला. पट्टी कशी, टाका कसा, हात वर गेला की काय होतं. नामा आपलं काम सोडून ऐकत होता, कारण साईनाथ एवढं सलग बोलू शकतो ही बातमीच होती.

"मग माझ्या हळदीचं असं शिवा," कुणाली म्हणाली.

"आई?"

"आईला मी बघते. माझ्या सगळ्या आयुष्यात मापाचंच चाललंय मामा. शाळा चुलत बहिणीची, कॉलेज चुलत बहिणीचं, स्थळपण तिच्या दिराच्या ओळखीचं. एक ब्लाऊज तरी माझं असू द्या."

एवढं झालं आणि तिला कंपनीतून फोन आला. ती बोलत बोलत गल्लीच्या टोकाला गेली. त्याच वेळी गुणाबाई बांगड्या घेऊन परतली. लेकीनं फोन बाजूला धरून आपला हट्ट तिला वाटेतच सांगितला असावा. "काय छप्पर घालायचं ते घाल रे बाबा, एक दिवसाचं काम. पण मापात पायजे," असं म्हणून तिनं पिशवीतून एक गुलाबी रेडिमेड ब्लाऊज काढलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. "हे कुणालीचं. साखरपुड्याला घातलेलं."

साईनाथनं त्याला नावाची चिंधी बांधली, कुणाली. तिकडं गल्लीच्या टोकाला ती मुलगी पाठमोरी फोनवर बोलत उभी होती. त्यानं वर बघितलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण नजर कापडावर.

पुढचा महिना त्यानं दोन माणसांसारखा काढला. दिवसभर "याच्यासारखंच" एकतीस वेळा. दुपारी लाइट गेली की बत्तिसावं. पुतळा विकत आणायचा तर ठेवणार कुठं, म्हणून त्यानं गोणपाटात पेंढा कोंबून गुलाबी ब्लाऊजच्या मापाचं एक धड बनवलं. ते मशीनच्या शेजारी असं अडकलं की आता साईनाथला बसताना एक खांदा पुढं आणि एक मागं करावा लागायचा.

"बुजगावण्याचं लग्न काढलंय वाटतं," नामा म्हणाला. "मुलगी कुठली?"

"म्हशाची."

"जरा जाड आहे."

"मापाची आहे," साईनाथ टाचण्या तोंडात धरून म्हणाला.

पट्ट्यांना कापड कमी पडणार होतं. मग त्यानं एकतीस ब्लाऊजांची कात्रणं गोळा केली. अख्ख्या भावकीच्या बगला, बाह्या, गळे ह्यांतून उरलेलं पिवळं. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, कडा हातानं मुडपल्या, आणि खालून वर चढवत गेला, घर शाकारतात तशा. गुलाबी ब्लाऊज मापाला उलगडताना त्याला कडेच्या शिवणीजवळ बारीक भोकांच्या जोड्या दिसल्या होत्या. दोन्ही बाजूंना. कसलातरी ब्रोच असेल, म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. समजूत घालायला माणूस कायम तयारच असतो.

दोनदा त्यानं फोन केला. "ताई, एकदा घालून बघायला पाठवा तिला."

"आता नवरीला वेशीच्या बाहेर काढत नाय," गुणाबाई म्हणाली. "आणि माप दिलंय ना रे तुला?"

माप दिलं होतं हे खरंच होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी साईनाथनं मोटरसायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या बांधल्या आणि किन्हवली, सरळगाव, मुरबाड करत म्हसा गाठलं. बत्तिसावं ब्लाऊज त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणलं होतं. मांडवात आंब्याचे टहाळे लागले होते, बेंजोवाले जेवत होते. त्याला खुर्ची मिळाली, सरबत मिळालं. कुणाली ते ब्लाऊज घेऊन आत गेली.

आतून एकदम हसं आलं. एकतीस बायकांचं हसं काय असतं ते ज्यानं मांडवात एकट्यानं बसून ऐकलंय त्यालाच कळेल. पडदा बाजूला करून कुणालीची आत्या अंबूबाई बाहेर आली. तोंडाला पदर लावून.

"टेलर, मायलेकींचं एकात शिवलंस का रे?"

साईनाथ उभा राहिला. मागून कुणाली आली, वर ओढणी घेऊन. त्यानं आज पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. पोरगी म्हणजे उसाचं कांडं. तिच्या अंगावर ते छप्पर, मालक सोडून गेलेल्या घरासारखं.

"मापाचं दिलं होतं," तो पुटपुटला. "गुलाबी."

कुणाली आईकडं वळली. "आई, तू ते गुलाबी दिलंस? त्याला आतून नऊ पिना मारल्या होत्या मी!"

"मग पिना काढूनच देणार ना," गुणाबाई म्हणाली. "मशीनला लागल्या असत्या त्याच्या."

"ते तुझ्या मापाचं होतं!"

"तेवढ्यासाठीच घेतलं. तुझं झालं की मला होईल म्हणून. वाया कशाला घालवायचं?"

ह्यात कुणाचं चुकलं ते सांगता येणार नाही. गुणाबाईनं काटकसर केली, साईनाथनं नजर राखली, दोन्ही चांगल्या घरच्या गोष्टी.

"घ्या ना बाजूनं," कुणाली म्हणाली. "सुई-दोरा आहे ना मामा?"

त्यानं दोन बायकांकरवी टाचण्या लावून बघितल्या, आपण लांबून सांगत. चार बोटं आत घेतली की पाठीवरच्या पट्ट्या एकमेकींवर चढायच्या आणि भांडणाऱ्या कोंबडीसारख्या फुलायच्या. सगळी पाठ उसवून पुन्हा बसवायची तर दोन दिवस. हातात दोन तास. साईनाथनं मान हलवली, नाय.

कुणाली आत गेली. तिच्या चुलत बहिणीचं, समीक्षाचं, एकतिसातलं ब्लाऊज तिला एका पिनेत बरोबर बसलं. साईनाथच्याच हातचं, याच्यासारखंच. समीक्षानं कुर्ता घातला. प्रश्न मिटला. साईनाथनं पिशव्यांच्या दोऱ्या गुंडाळायला घेतल्या. जेवून जा म्हणून लोक त्याला खाली बसवत होते आणि त्याला फक्त ती फळी उचलून आत जाऊन बसायचं होतं.

तेवढ्यात आतून कुणालीचा आवाज आला. "हे आईला होतंय तर आईच घालेल."

"मी? वेडी का तू? जावई काय म्हणंल?"

"जावई माझ्याकडं बघंल. तू घालशील तरच मला हळद लावायची. नायतर नाय."

"बघ गो अंबू, कशी बोलते."

"घाल गो," अंबूबाई म्हणाली. "चोवीस वर्षं तोच गळा बघून आमी कंटाळलो."

हळदीच्या आधी विहिरीवरनं पाणी आणायला बायका ओळीनं निघतात, नवरीची आई पुढं, डोक्यावर कळशी. बेंजो सुरू झाला. साईनाथ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. ऊन कलतं होतं. घरातून विहिरीपर्यंतची वाट सारवलेली होती, आणि तिच्यावरून एकामागं एक, एकसारख्या पिवळ्या साड्यांत त्या आल्या. सगळ्यांच्या पुढं गुणाबाई. जाताना तिनं हात खाली ठेवले होते, चोरून चालल्यासारखे. येताना कळशी भरलेली होती. ती सांभाळायला तिनं दोन्ही हात वर नेले.

छप्पर उचललं गेलं. पट्ट्या एकीखालून एक सुटल्या, पावलागणिक हलल्या, बसल्या, पुन्हा उचलल्या. मागच्या बायकांनी गाणं सोडून ते बघितलं. आणि साईनाथनं बापाचा नियम मोडला. वाट संपेपर्यंत त्यानं नजर खाली घेतली नाही. पांढऱ्या वाटेवरच्या मुलींनी ते जाकीट घातलं होतं तेव्हा छप्पर रिकाम्या घरावर होतं, हे त्याला तिथं उभं राहून कळलं. गुणाबाईच्या भरल्या पाठीला माया होती, तिच्यावर ते शोभत होतं.

कळशी उतरवल्यावर ती त्याच्यासमोरून गेली. "बरं शिवलंस रे," म्हणाली. "जरा टोचतंय."

गोष्ट इथं संपवायचा मोह होतो. पण साईनाथचं दुकान शहापुरात आहे.

चौथ्या दिवशी अंबूबाई आली. तिच्या हातात नवं कापड होतं, त्यावर तिनं ते पिवळं ब्लाऊज टाकलं, आणि जे म्हणायचं तेच म्हणाली. मग सरळगावची एक आली, मग धसईच्या दोन. मोबाइलवर गुणाबाईचा फोटो घेऊन थेट किन्हवलीच्या शाळेतल्या बाई आल्या. मेच्या शेवटी गुणाबाईचं ब्लाऊज मापाला फिरून फिरून विटलं, तेव्हा अंबूबाईचं मापाला यायला लागलं. बायकांनी त्याला नावही ठेवलं, छपराची पाठ. वर दुरुस्त्याही केल्या. "पट्ट्या तीनच ठेव, जास्त नको." "मला आत अस्तर." "धुवायला सोपी कर रे." पावसाळा लागायच्या आत साईनाथनं त्रेसष्ट छपरं शाकारली. त्याला आता पट्टी मोजावी लागत नाही, हात आपोआप जातो. तेच त्याला सलतं.

"फेमस झालास," नामा म्हणाला.

"झेरॉक्सवाला झालो. आधी बापाची काढायचो, आता माझीच."

"मग बंद कर."

साईनाथनं फळीकडं बघितलं. तिच्यावर अकरा पिशव्या होत्या.

गेल्या महिन्यात कुणाली आली. सासर भातसानगरच्या कॉलनीत. सासूबाई सोबत होत्या. सासूबाईंनी हिरवं कापड फळीवर ठेवलं, त्यावर कुणाचं तरी छपराचं ब्लाऊज टाकलं आणि म्हणाल्या, "सुनेला याच्यासारखंच. तिच्या आईचंच आहे म्हणे हे डिझाइन, मग तिच्याकडं नको का?"

साईनाथनं ब्लाऊज उचललं, चिंधीवर नाव लिहिलं. मग हात थांबला. त्यानं खिशातून टेप काढला, फळीवर ठेवला आणि कापडाकडं बघतच म्हणाला, "माप नवं घ्या. तुमीच घ्या सासूबाई, मी लिहून घेतो."

"टेप कशाला? दिलंय की मापाला."

"त्या मापाचा एकदा अनुभव घेतलाय."

सासूबाई कुरकुरत सुनेच्या खांद्याला टेप लावायला लागल्या. आकडा सांगायच्या, साईनाथ लिहायचा. खांदा, छाती, कंबर. मधेच कुणालीनं मान थोडी वळवली.

"मामा, सध्या कुठला आवडतो?"

साईनाथनं पेन्सिल थांबवली. "एक आहे. जाळ्याचा. मासे धरायचं जाळं असतं ना, तसं विणलेलं सगळं."

"कसलं जाळं?" सासूबाई म्हणाल्या. "आपलं छपराचं ठरलंय ना?"

"छपराचंच," साईनाथ म्हणाला. "बाही सांगा."

"साडेनऊ."

त्यानं साडेनऊ लिहिलं. कागद ब्लाऊजला टाचला आणि पिशवी ढिगावर चढवली. बारावी. वायरच्या टोकाला बल्ब पिवळा जळत होता, मशीनची मोटर गुणगुणत होती. कुणाली पायरीवरून उतरताना एकदा त्या बल्बकडं बघून गेली, जणू लाइट जायची वाट बघतेय.